बाबांच्या मागून आवळलेला बोल्ट

गणपती जाऊन मांडवाचे बांबू उतरले की पनवेलला एक धड ना उन्हाळी, धड ना पावसाळी हवा सुरू होते. पाऊस गेला म्हणावं, तर संध्याकाळी कर्नाळ्याच्या बाजूनं एखादी सर येते आणि वाळत घातलेले कपडे भिजवून जाते. आहे म्हणावं, तर दुपारी डोकं भणभणतं. कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ काळं पडतं, गेटाजवळ तेरडा माजतो, आणि हायवेच्या खड्ड्यांतला चिखल वाळून त्याची धूळ घराघरांत येऊन बसते. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा पितृपंधरवडा चालू असतो, त्यामुळे कुणी साधा पंखासुद्धा विकत आणत नाही. अपवाद फक्त आमचा. आमच्याकडे बहुतेक वर्षी नेमक्या याच दिवसांत व्हॅनसाठी नवं तेल येतं, नवा फिल्टर येतो, ग्रीसचा डबा येतो. यंदा त्यांच्या पाठोपाठ लाजही आली आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पनवेलात आमची वस्ती जुनी, पण आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत. बाकीचे केव्हाच इस्रायलला गेले आणि तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कोकमाचं आगळ मागवत राहतात. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. व्हॅनच्या इंजिनातलं जुनं तेल काढताना बाबांना हे हमखास आठवायचं. "तेल आपल्या रक्तातच आहे रे," ते गाडीखालून ओरडायचे, "तेव्हा खायचं होतं, आता इंजिनाचं आहे, एवढाच फरक!" आणि हे काम रविवारीच. शनिवारी आमच्या घरात पान्याला हात लागत नाही.

व्हॅन म्हणजे तो जुना चौकोनी डबा. सरकतं दार, पुढच्या सीटखाली इंजिन, आणि पावसात गळणारी मागची खिडकी. आमच्यापैकी कुणालाच खरं तर तिची गरज नाही. मी बेलापूरला ऑफिसला बसनं जातो, बायको घरून शिकवण्या घेते. व्हॅन आहे ती दहा माणसांसाठी. आमच्या सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, कितीही मनापासून आलेले असोत. माझ्या लहानपणी सणाला प्रार्थनालयात उभं राहायला जागा नसे. आता करंजाड्याहून एक, कामोठ्याहून दोघं, खांदा कॉलनीतून एक असे वेचून आणावे लागतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे गुडघे गेलेत. त्यांना घरातून उचलून आणायचं आणि परत दारात सोडायचं, हे काम आई गेल्यापासून बाबांनी आपलं मानलं. निवृत्तीनंतर कुणी बागकाम काढतं, कुणी भजन. बाबांनी हे काढलं.

म्हणून नव्याच्या सणाआधी, म्हणजे आमच्या नववर्षाआधी, व्हॅन ठणठणीत करायची. सकाळी बाबा जुना पायजमा आणि बाह्या कापलेला शर्ट घालून खाली उतरायचे. जुन्या कपाटाच्या फळ्यांपासून त्यांनी दोन लाकडी उतार करून घेतले होते. पुढची चाकं त्यांवर चढवायची, मागच्या चाकांना विटा लावायच्या. आधी इंजिन थोडं चालवून तेल कोमट करायचं. मग बाबा आईच्या एका जीर्ण सुती साडीची घडी पाठीखाली घालून गाडीखाली सरकायचे. सतराचा पाना लागला की तेलाच्या टाकीचा बोल्ट कुरकुरत सुटायचा आणि काळं तेल घमेल्यात पडायला लागायचं. त्याचा वास गोडसर, थोडा जळका. तेल निथळेपर्यंत बाबा बाहेर येऊन बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायचे, सीट उचलून एअर फिल्टर झटकायचे. त्यातून पावसाळाभरचा हायवे बाहेर पडायचा. शेवटी सरकत्या दाराच्या पट्टीत बोटानं ग्रीस भरायचं, आणि दार एका हातानं, अगदी बोटानं ढकलून, मला दाखवायचं. "शमुवेलला जमलं पाहिजे," ते म्हणायचे. शमुवेलकाका म्हणजे करंजाड्याचे. बाबांचे शाळेपासूनचे मित्र, आणि आमच्या दहांतले सगळ्यांत जड.

रविवारी सकाळी जनाबाय मासे घेऊन येते. डोक्यावरची पाटी न उतरवताच ती गाडीखालून बाहेर आलेले बाबांचे पाय बघायची आणि मला विचारायची, "काय रं दादा, म्हातारा निजलाय का गेला?"

"हाय गं हाय, जिता हाय," बाबा खालूनच तिच्या बोलीत उत्तर द्यायचे. "खवलंवाली मच्छी ठेव. बिनखवल्याची आमाला नाय चालत, दर खेपेला काय सांगायचं?"

"ठाव हाय मना. आनि तू रं? बाप खाली लोळतोय, तू वर शेठसारखा उभा!"

मी टॉर्च उंचावून दाखवायचो. माझं काम ते, टॉर्च धरायचं. पाना माझ्या हातात बाबांनी कधी दिला नाही, आणि त्याला कारण होतं. शाळेत असताना मी सायकलचं डावं पेडल बसवायला घेतलं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला माहीत नव्हतं. ते आत जाईना, म्हणून मी अख्खा जोर लावून आवळलं आणि आटे खाऊन टाकले. बाबा रागावले नाहीत. पण ती गोष्ट त्यांनी माझ्या लग्नातसुद्धा सांगितली. त्यांच्या लेखी मी फायलींतला माणूस, आणि पाना माझ्या हाती म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

माझा स्वभाव मात्र तोच राहिला. मला कुठलंच काम झालं असं वाटत नाही. कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ते ओढून बघतो. गॅसचा नॉब बंद आहे हे दिसत असतं, तरी हात लावल्याशिवाय झोपत नाही. ऑफिसात माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात, सरांना पाठवलेला तक्ता सर पुन्हा स्वतः मोजतात. बायको तर म्हणते, "तू प्रार्थना झाल्यावर देवाला फोन करून विचारशील, पोचली का म्हणून." मी हसतो. हा काळजीवाहू स्वभाव म्हणून घरात खपून गेला होता, आणि मलाही त्याचं मनातून थोडं कौतुकच होतं.

काही वर्षांपूर्वी चहा पिताना बाबांची बशी वाजली. थोडीशीच. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि काही झालंच नाही असं दाखवलं. मीही तसंच दाखवलं. त्याच पंधरवड्यात त्यांनी व्हॅनचं तेल बदललं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मला गाडीखाली फरशीवर एक थेंब दिसला. आदल्या संध्याकाळी सर येऊन गेली होती. थेंब पाण्याचा होता की तेलाचा, मी वाकून बोट लावून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित ही गोष्ट तिथंच संपली असती. माझं मन आधीच ठरवून बसलं होतं, बाबांच्या हातानं आता बोल्ट नीट बसत नाही. त्या बोल्टावर व्हॅन, व्हॅनमध्ये चार म्हातारे, आणि हायवेवर इंजिनातलं सगळं तेल सांडलेलं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या वर्षी मी तयारीत होतो. काम झालं की बाबा आंघोळीला जायचे, आणि तेलकट हात बेसनानं चोळत न्हाणीघरात बराच वेळ काढायचे. मी "कचरा टाकून येतो" म्हणून खाली उतरलो. आडवा झालो, सतराचा पाना लावला आणि बोल्ट आवळला. तो हलला का? थोडा हलला असावा. जोर लावला तर कुठलाही बोल्ट थोडा हलतोच. मला मात्र तेवढ्यानं खात्री पटली, बरं झालं आपण आलो. पाना होता तिथं ठेवला, उठून कपडे झटकले आणि वर येऊन निवांत जेवलो.

मग ती रीतच पडली. बाबा आवळायचे, मी मागून आवळायचो. बायकोच्या लक्षात आलं. "तुझ्या हाताला तेलाचा वास का येतो?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "हे बघ, त्यांना सांग तरी, नाहीतर करू तरी नकोस," ती म्हणाली. "हे मधलं बरं नाही." मी म्हटलं, सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. हे वाक्य मी इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की माझं मलाच पटलं.

यातली खरी लाजेची गोष्ट आवळण्याची नाही, सोडवण्याची आहे. दर वर्षी पंधरवडा आला की बाबा गाडीखाली जायचे आणि बोल्ट त्यांना सुटायचा नाही. वर्षभरापूर्वी आपण आवळला तो बोल्ट इतका घट्ट कसा, हे त्यांना कळायचं नाही. आधी ते म्हणायचे, "पावसानं धरला." मग एकदा म्हणाले, "पाइप दे रे," आणि पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून, दात-ओठ खाऊन, त्यांनी तो सोडवला. बाहेर आले तेव्हा तोंड लाल झालं होतं. घमेल्यात तेल पडत होतं आणि ते आपल्या हातांकडे बघत होते. "जोर गेला आता हातातला," ते म्हणाले. मी टॉर्च धरून उभा होतो. बोल्ट माझ्या जोरानं घट्ट झाला होता आणि माझा बाप स्वतःला म्हातारा समजत होता. हे मला त्या क्षणी समजलं होतं. तरी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला, तसा मी कचऱ्याची पिशवी उचलली.

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यातले दोन्ही रविवार पावसानं खाल्ले. काम लांबत लांबत नव्याचा सण आणि त्यानंतरचा उपासाचा सण, दारफाळणी, यांच्या मधल्या रविवारी आलं. बोल्ट सुटला, पण सुटताना कुरकुरला नाही, खसखसला. तेल निथळलं. बाबांनी नवा वॉशर घातला, बोल्ट हातानं फिरवून बसवला आणि पाना लावला. मी वरून टॉर्च मारत होतो. पाना फिरत होता. पुन्हा फिरला. बोल्ट आवळायचं नावच घेईना, नुसता गोल गोल फिरत राहिला. बाबांनी तो काढून उजेडात धरला. त्याच्या खाचांत लोखंडाचा चकचकीत कीस भरला होता. टाकीच्या तोंडाचे आटे गेले होते.

बाबा गाडीखालून आले ते पाठीवर सरकत, नेहमीसारखे. मग तिथंच बसून राहिले. जनाबाय गेटातून आली. तिनंही काय ते ओळखलं असावं, कारण त्या दिवशी ती पाटी घेऊन सरळ जिन्याकडे गेली. बाबा बोल्ट बोटांत फिरवत होते आणि बोल्ट थरथरत होता. "वाकडा बसवला असणार मी गेल्या वर्षी," ते म्हणाले. "हात हलला असेल. आटे खाल्ले माझ्या हातानं."

मी म्हणालो, "होतं असं, बाबा."

होतं असं! यापेक्षा वेगळे, खरे असे कितीतरी शब्द त्या वेळी तोंडात होते. ते बाहेर पडले असते तर बाबांच्या हातांवरचा आळ तिथल्या तिथं उतरला असता. पण त्याच शब्दांनी त्यांना हेही सांगितलं असतं, की वर्षानुवर्षं तुमच्या मुलाचा तुमच्या हातांवर विश्वास नव्हता, आणि तो तुमच्या मागून चोरासारखा तपासायला यायचा. कुठला घाव कमी लागला असता, हे मी तिथं उभ्या उभ्या मोजत बसलो. मोजण्यात मी हुशार आहेच. तोवर बाबा उठले, पाने पुसून कापडात गुंडाळले आणि वर जाऊन मला म्हणाले, "हे माळ्यावर टाक."

व्हॅन टोचन करून कामोठ्याच्या गॅरेजात गेली आणि सणाआधी होणार नाही असं कळलं. बाबांनी स्वतः सगळ्यांना फोन केले. मी ऐकत होतो. प्रत्येकाला तेच सांगत होते, तेच शब्द, जणू पाठ केले होते. "माझ्या हातून बिघडली. हात गेला माझा आता. रिक्षा पाठवतो." फोन ठेवला की तळहात मांडीवर उलटा टाकून बसायचे. त्या आठवड्यात त्यांनी चहा बशीत ओतणं सोडलं. कुणी आलं तर कपाला हातच लावायचे नाहीत, "निवू दे" म्हणायचे, आणि तो निवून साय धरून तसाच आत जायचा.

दारफाळणी म्हणजे आमचा दार लावून घ्यायचा सण. पांढरे कपडे, कडक उपास, आणि आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत प्रार्थना. शेजारीपाजारी तेव्हा नवरात्र नाहीतर दसरा असतो, गाड्यांना झेंडूचे हार पडतात, आणि आमचं दार बंद. त्याआधी माफी मागायची असते. देवाचं काही चुकवलं असेल तर देवाकडे मागता येते. माणसाचं वाकडं केलं असेल तर त्या माणसाकडेच जावं लागतं, तिथं देव मध्ये पडत नाही. व्यवहारात हे फार सोपं होऊन बसलंय. एकमेकांना भेटायचं आणि म्हणायचं, "चुकलं-माकलं माफ करा." काय चुकलं हे कुणी विचारत नाही. बाबा आणि मी एकमेकांना दरवर्षी हे म्हणत आलो, मी वाकून, ते डोक्यावर हात ठेवून. त्यातल्या कितीतरी वर्षी माझ्या नखांत त्यांच्या गाडीचं तेल होतं.

गेल्या वर्षी त्या दुपारी बाबा स्वयंपाकघरात एकटे बसून लिंबू-सरबत पीत होते, उपासाआधीचं. ग्लास स्टीलचा होता आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता. मी समोर बसलो.

"बाबा, चुकलं-माकलं..."

"माफ. मलाही कर."

"तसं नाही. बोल्टाचं सांगायचंय. ते आटे तुमच्यामुळे नाही गेले. माझ्यामुळे गेले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्यामुळे? तू कुठं मध्ये आलास?"

"तुम्ही आंघोळीला गेलात की मी खाली जाऊन परत आवळायचो. दरवर्षी. जास्त आवळला गेला."

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल पडत गेला, आणि आठवडाभर न दिसलेलं हसू त्यांच्या तोंडावर आलं. "वेड्या," ते म्हणाले. "तुला सायकलचं पेडल बसवता येईना, आणि तू गाडीखाली जाऊन बोल्ट आवळणार? बाप म्हातारा झाला म्हणून त्याचा दोष अंगावर घ्यायला आलास? आणि तेही आजच्या दिवशी खोटं बोलून?"

"खोटं नाही, बाबा."

"बरं, बरं." त्यांनी ग्लास ठेवून माझा हात थोपटला. "आई असती तर म्हणाली असती, बघा, लेकरू माझ्यावर गेलं."

मी आणखी एकदा म्हटलं, "बाबा, खरंच." त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना पटवणं अवघड नव्हतं. बायको आत होती, तिला बोलवायचं होतं. कचऱ्याची पिशवी, बेसन, न्हाणीघर, सगळं सांगायचं होतं, आणि त्यांनी ते ओळखलं असतं. मी तिथं थांबलो. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला मोडवेना असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं. निम्मं असं, की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही हे माझ्या पथ्यावर पडलं. माझं सांगून झालं होतं आणि मला काहीच भोगावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी रिक्षा एकेक करून प्रार्थनालयाच्या दाराशी आल्या. शमुवेलकाकांना दोघांनी धरून उतरवलं. दहा झाले. पांढऱ्या कपड्यांत सगळे अंगणात उभे होते, ऊन भिंतीवरून सरकत होतं, आणि आत जायच्या आधी बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून शमुवेलकाकांना हाक मारली. "शमुवेल, ऐक. आज माझा मुलगा काय म्हणाला माहीताय? म्हणे, बोल्ट माझ्या हातून गेला. माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतो!"

शमुवेलकाकांचे डोळे भरून आले. "नशीबवान आहेस रे," ते बाबांना म्हणाले, आणि त्यांनी आपला जड हात माझ्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला. बाकीचे बघत होते. कुणीतरी म्हणालं, अशी मुलं आता कुठं असतात. मी मान खाली घातली, आणि तेही विनय म्हणून खपलं.

त्या रात्री आणि दुसरा दिवसभर मी बाबांच्या शेजारी उभा राहून अपराधांची प्रार्थना म्हटली. ती म्हणताना मुठीनं छातीवर हळूच मारायचं असतं. बाबांची मूठ छातीवर यायची तेव्हा थरथरायची, माझी अगदी स्थिर होती. मला वाटायचं, लाज म्हणजे लोकांनी आपलं वाईट बघितलं की येते ती. सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हटल्यावर येणारी लाज मला ठाऊक नव्हती. तिला तोंड लपवायला जागाच नाही. पोटात भूक होती, घसा कोरडा होता, आणि दोन्हीचं काहीच वाटत नव्हतं.

पुढं जे झालं त्यानं तर माझं तोंड कायमचं बंद केलं. बाबा सावरले. हात थरथरायचा तो थरथरतोच, पण ते चारचौघांत चहा पिऊ लागले. व्हॅन नवी टाकी बसून आली तेव्हा ते माळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "काढ ती गुंडाळी. आता तू शिक. ज्याला गाडीचं एवढं मनाला लागतं, त्याला येईल." माझ्या खोट्या चांगुलपणावर माझा बाप उभा राहिला होता. तो चांगुलपणा काढून घ्यायचा म्हणजे त्यांना पुन्हा खाली बसवायचं. बायको एवढंच म्हणाली, "आता तुला हे सांगताही येणार नाही, आणि विसरताही." तिनं हे रागानं म्हटलं नाही, त्यामुळे जास्त लागलं.

आज रविवार. सकाळी तेरड्यावर फुलपाखरं होती, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कावळ्यासाठी पान ठेवलं होतं, आणि बाबा प्लॅस्टिकच्या स्टुलावर टॉर्च घेऊन बसले होते. उजेड गाडीखाली थरथरत होता. आईच्या साडीवर मी पाठ टेकली. जनाबाय आली, पाय बघून थबकली. "अगो बाय, आज शेठ खाली आनि म्हातारा वर!"

"बढती झाली माझी," बाबा म्हणाले.

बोल्ट एका झटक्यात सुटला. गॅरेजवाल्यानं हवा तेवढाच आवळला होता. तेल घमेल्यात पडलं, तोच गोडसर जळका वास. मी नवा वॉशर घातला, बोल्ट बोटांनी फिरवत नेला, जिथं अडला तिथं पाना लावला. किती आवळू, हे मला कळेना. इतक्या वर्षांत मी बोल्ट फक्त दुसऱ्यानं आवळलेला आवळला होता. "आता टेकला की अजून थोडा," बाबा वरून म्हणाले. "मग बस. त्याला जीव असतो, त्याचा अंत बघायचा नाही." मी टेकवला, अजून थोडा, आणि हात थांबवला. थांबवताना जेवढा जोर लागला तेवढा आवळताना लागला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा बाबा टॉर्च बंद करून उठत होते. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाबा, एकदा बघता का? नीट बसलाय का ते?"

"कशाला?" ते म्हणाले. "तू केलंस ना!"

त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि वर गेले. मधल्या वळणावर ते दम खायला थांबतात, तिथंही त्यांनी मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं वरून न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज आला. मी पाना हातात घेऊन गाडीपाशी उभा होतो. "तुम्ही केलंत ना," हे तीन शब्द मला त्यांना एकदाही म्हणता आले नव्हते.